टेकडीवरच्या गावात लावलेली मेणबत्ती

इटलीतल्या एका गावात मी एक मेणबत्ती लावली आणि इकडे सेलू तालुक्यात माझ्या नवऱ्यानं जेवण सोडलं. लोक म्हणतील, या दोन गोष्टींचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मीच जोडला.

नवरा सहा वर्षांपासून खाटेवर आहे. लकवा मारला तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं तोंड गेलं. बोलतो, पण शब्द तोंडात कालवल्यासारखे येतात. मुलाला थोडंफार कळतं, सुनेला तेवढंही नाही. मला सगळं कळतं, कारण दिवसभर मी दुसरं काही ऐकत नाही. जेवणाचंही तसंच. ज्वारीची भाकर वरणात कुस्करायची, गोळा राहू द्यायचा नाही, घास डाव्या गालात ठेवायचा आणि तो गिळेपर्यंत पुढचा चमचा उचलायचा नाही. घाई केली की ठसका लागतो. ठसका लागला की तो रागावतो आणि रागावला की तोंड मिटून घेतो. हे मी मायेनं केलं असं कोणी म्हटलं तर मी हो म्हणणार नाही. करायचं होतं म्हणून केलं. कधी कधी तो चमचा त्याच्या कपाळावर आपटावा असंही वाटलं.

मुलगी इटलीत नोकरी करते. चाळिशी आली, लग्न केलं नाही, तो वेगळा विषय. तिनं मला न विचारता तिकीट काढून पाठवलं. मी म्हटलं, यांना कोण भरवेल? तर सून म्हणाली, "मी भरवीन नं. तुम्ही काय मामाजीच्या खाटेले बांधूनच राह्यता का आई?" सासऱ्याला ती मामाजी म्हणते.

मग मी तिला शिकवलं. आधी तिनं सगळं वरण त्याच्या छातीवर सांडलं, तो तिच्यावर ओरडला आणि तो काय ओरडला ते न कळल्यामुळे ती हसत बसली. हळूहळू जमायला लागलं. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारलं, जाऊ का? तो म्हणाला, "जाजो. तिकडचे लोक काय खातात ते पाहून येजो."

मे महिना होता. आमच्याकडे दुपारी पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ऊन. त्याला कूलरसमोर ठेवून मी थंड विमानात बसले, आणि विमानातलं जेवण मला चांगलं गेलं. टोचायला तेव्हापासूनच लागलं होतं.

मुलीला सुटी मिळाली तशी ती मला टेकडीवरच्या एका जुन्या गावात घेऊन गेली. गावाचं नाव मला नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. आमच्या केळझरच्या टेकडीपेक्षा उंच टेकडी, आणि तिच्या माथ्यावर अख्खं गाव. आमच्याकडे टेकडीवर देव असतात आणि माणसं खाली राहतात. इथे माणसंच वर चढून बसलेली. गावाभोवती दगडी भिंत, आत जायला कमान, आणि कमानीतून आत गेलं की सगळं दगडाचंच. घरं दगडाची, रस्ते दगडाचे, पायऱ्याही दगडाच्या. रस्ता इतका अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन घरांना लागतील. वर पाहिलं तर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत दोरी आणि दोरीवर चादरी वाळत घातलेल्या.

मी मुलीला म्हटलं, "खाली एवढी चांगली काळी जमीन सोडून हे लोक वर काऊन येऊन राह्यले? पाणी कोण आणत होतं?"

"लढाया होत होत्या आई. शत्रू आला की भिंतीच्या आत जायचं."

"अन् पाणी?"

"मले काय मालूम पाणी कोण आणत होतं!"

"बायाच आणत असतीन," मी म्हटलं. ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. चौकात एक विहीर होती. तिच्या काठाचा दगड दोर घासून घासून खोल कापला गेला होता. त्यात मी बोट घालून पाहिलं. पेरभर आत गेलं.

त्या चौकात दगडी बाक होते. मुलगी म्हणाली, तू बस, मी खायला काही पाहते. मी बसले. वारा थंड होता, अंगात मुलीचा स्वेटर होता. समोर दोन म्हातारे काठ्या टेकवून बसलेले, एक मांजर उन्हात पडलेली. मला कोणी हाक मारत नव्हतं. खाटेवरून आवाज नाही, घंटी नाही. आमच्या बुढ्याला मुलानं सायकलची घंटी आणून दिली आहे, डाव्या हातानं तो ती वाजवतो. त्या बाकावर बसल्या बसल्या मला आठवलं की सकाळपासून मला त्याची आठवणच आली नाही. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वाईट वाटायला पाहिजे होतं आणि वाटलंही, पण ते नंतर. आधी बरं वाटलं.

लगेच घरी फोन लावला. सून म्हणाली, "पोटभर जेवले. वरण दोनदा घेतलं. आज ठसका पण नाई लागला."

मी म्हटलं, "बरं झालं." पण बरं झालं नव्हतं. माझ्याशिवाय तो जेवणार नाही असं मी गावभर सांगून ठेवलं होतं. आणि तो दोनदा वरण घेत होता.

चौकाच्या एका बाजूला चर्च होतं. बाहेरून साधं, गोदामासारखं. उन्हातून सावलीत जावं एवढ्यासाठी मी आत गेले. आत भिंतीवर मोठं चित्र होतं, जुनं, जागोजागी पोपडे गेलेले. वरती चांगली माणसं रांगेत उभी, खाली वाईट माणसांना भुतं काट्यांनी टोचताहेत, एकाला कढईत घातलेलं. कढईतल्या त्या माणसाचं तोंड एका बाजूला वाकडं होतं. चितारणाऱ्यानं मुद्दाम केलं की पोपडा गेल्यामुळे, माहीत नाही.

चित्राखाली लोखंडी स्टँडवर मेणबत्त्या जळत होत्या. एक म्हातारी, माझ्याच वयाची असेल, मेणबत्ती लावत होती. मी पाहते आहे हे पाहून तिनं डब्यातली एक मेणबत्ती माझ्यापुढे केली. मी घेतली.

आता हे सांगायला पाहिजे की आम्ही बौद्ध आहोत. विहारात आम्ही मेणबत्ती लावतो, रोज लावतो. पण मागत काही नाही. बुद्धाकडे मागायचं नसतं. वंदना करायची, पाच शीलं म्हणायची आणि घरी यायचं. मेणबत्ती हातात आली की माझे हात आपोआप पुढचं काम करतात. मी ती लावली, खोचली आणि हात जोडले. इथपर्यंत फार काही बिघडलं नव्हतं. पण शेजारची म्हातारी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, स्पष्ट मागत होती. भाषा कळत नसली तरी मागणाऱ्याचं तोंड कळतं. तिचं पाहून मीही मागितलं. मनात म्हटलं, आता सुटका होऊ दे.

याहून जास्त काही म्हटलं नाही. सुटका कशी आणि कोणाची, ते मला माहीत होतं. तो गेला की होणार होती.

बाहेर आले तर मुलगी पाव आणि चीज घेऊन उभी होती. म्हणाली, "कोठी गेलती?" मी म्हटलं, "आत. थंडगार आहे आत." आणि मी पाव खाल्ला.

तिथली दुपार म्हणजे आमच्याकडची संध्याकाळ. सुनेनं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन नवऱ्यापुढे धरला. सपरीत म्हणजे ओसरीवर कूलरचा आवाज, मागे भिंतीवर बुद्धाचा फोटो. त्याचं तोंड समोर आलं. मग माणूस जे करतो ते मी केलं. मनात चोर होता म्हणून जास्त गोड बोलायला लागले. "अजी, इथं सगळं दगडाचं आहे. अन् मी तुमच्यासाठी मेणबत्ती लावली बरं का."

"कोठी?"

"चर्चमध्ये."

"देवापुढं?"

"आता चर्चमध्ये देवच असते नं."

तो म्हणाला, "काय मांगलं?"

इतर कोणी विचारलं नसतं. त्यानं नेमकं तेच विचारलं. मी म्हटलं, "तुमची तब्येत चांगली राहो म्हटलं."

तो जे बोलला ते मी इथे सगळं लिहीत नाही. एवढंच लिहिते, की "माह्या बापानं पोरगी जाऊ देल्ली पण मांगलं नाई," असं तो म्हणाला.

सुनेनं फोन आपल्याकडे वळवला. "काय म्हणून राह्यले मामाजी?"

"काही नाई. खूश झाले," मी म्हटलं.

त्याच्या बापाची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे. माझे सासरे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा नवरा लहान होता. सासऱ्यांनी घरातले देव टोपलीत भरले, टोपली त्याच्या डोक्यावर दिली आणि दोघं बोर नदीवर जाऊन ते सोडून आले. रस्त्यानं लोक म्हणत होते, आता पाहा या घराचं काय होते ते. त्याच वर्षी त्याची धाकटी बहीण तापानं गेली. ती तापात होती तेव्हा सासू म्हणाली, देवीला एक नारळ तरी ठेवू द्या. सासऱ्यांनी ठेवू दिला नाही. त्यांनी पोरीला बैलगाडीत घातलं आणि दवाखान्याचा रस्ता धरला. पोरगी रस्त्यातच गेली. नवरा त्या गाडीत बसला होता. त्यानं आयुष्यभर कोणाकडे काही मागितलं नाही. माझ्याकडेही पाणी मागत नाही, घंटी वाजवतो.

हे सगळं माहीत असून मी त्याला मेणबत्तीचं सांगितलं.

रात्री आम्ही त्याच गावात राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे आमच्याकडे दुपार झाली होती तेव्हा, सुनेचा फोन आला तो रडतच. रात्री त्यानं तोंड उघडलं नाही. सकाळी चहा नाही. दुपारी भाकर कुस्करली तर दात घट्ट धरून ठेवले, चमचा दातावर वाजला. "माह्यं काय चुकलं आई? मी तं तुम्ही सांगितलं तसंच करून राह्यली."

"तुझं काही नाई चुकलं."

"शेजारची काकू आली होती. म्हणे, सासू गेली फिराले अन् सुनेनं बुढ्याले उपाशी ठेवलं."

"तिले म्हणा, तू ये भरवाले."

"तसं कसं म्हणू?" ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली. तिला खरं सांगावं असं माझ्या ओठांवर आलं. पण खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून नाही सांगितलं. ती दिवसभर आपलीच चूक शोधत बसणार होती, आणि हे मला कळत होतं.

मुलाचा फोन आला. तो म्हणाला, "सलाइन लावा लागते का काय. आई, तू वापस ये." मुलीनं फोनवर परतीची तिकिटं पाहायला सुरुवात केली. मी तिला मेणबत्तीचं सांगितलं. काय मागितलं ते नाही सांगितलं.

ती म्हणाली, "एका मेणबत्तीसाठी? अन् तू त्यांले सांगितलं काऊन? तुले त्यांचा स्वभाव माहीत नाई का?"

"माहीत आहे."

"मंग?"

आम्ही गावाच्या भिंतीवर उभ्या होतो. त्या भिंतीवरून चालता येतं. खाली जैतुनाची झाडं, त्यापलीकडे गहू. एवढं चांगलं गाव, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. मला एकच दिसत होतं. मी सुटका मागितली होती आणि तो जेवत नव्हता. देव मी मानत नाही. तरी मी घाबरले. न मानणाऱ्यालाही देवाची भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याची लाजही वाटली.

मी मुलीला म्हटलं, "तू थोडी दूर जा." ती गेली. सुनेला फोन लावून म्हटलं, "फोन त्यांच्या उशीले टेकवून ठेव अन् तू अंगणात जा. दरवाजा लावून घे."

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. फोनमध्ये मला त्याचा कान आणि पांढरे केस दिसत होते. म्हटलं, ऐकायला कान पुरे आहे.

"अजी, मी काल खोटं बोलली. तब्येत नाई मागितली."

तो हलला नाही.

"सुटका मागितली."

त्याचा आवाज आला. "कोणाची?"

"तुमची. म्हणजे माहीच."

कूलर चालू होता. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही. बोलला नाही तर ते बरोबरच होतं. पण उपाशी मरू द्यायचं मला पटत नव्हतं. मी रागातच म्हटलं, "अन् तुम्ही असेच दात धरून पडले तं चार दिवसांत जासान. मंग त्या मेणबत्तीचंच खरं होईन. लोक म्हणतीन, पाह्य, बुढीनं मागितलं अन् देवानं देल्लं."

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. नवऱ्याशी असं बोलणारी बाई चांगली म्हणता येणार नाही.

त्यानं मान वळवायला सुरुवात केली. त्याला ते एकट्यानं जमत नाही, डाव्या हातानं खाटेचा कठडा धरून जोर लावावा लागतो. वेळ लागला. मग त्याचं अर्धं तोंड फोनमध्ये आलं, मग सगळं.

"मेलो का मी?" तो म्हणाला.

"नाई."

"नाई नं? मंग कोणी नसते तिथं. दगड असतात." श्वास घेऊन तो म्हणाला, "बलाव तिले. भाकर आणाले सांग."

सून ताट घेऊन आली. मी फोन ठेवते म्हटलं तर तो म्हणाला, "ठेवू नको. पाह्य." आणि माझ्याकडे पाहत तो जेवला. प्रत्येक घास नीट चावून, नीट गिळून. घास गिळला की थोडं तोंड उघडून दाखवायचा, लहान पोरगं औषध घेतल्यावर दाखवतं तसं. अर्धी भाकर झाल्यावर त्याला पुरे झालं असावं, पण त्यानं उरलेली अर्धीही संपवली. ती भुकेनं खाल्लेली भाकर नव्हती.

सून तर आनंदानं वेडी झाली. "काय सांगितलं वो आई तुम्ही त्यांले?"

"शिव्या देल्या," मी म्हटलं.

"मंग मलेही शिकवून ठेवा नं चार शिव्या!"

मुलीनं विचारलं, तिकीट बदलायचं का? मी म्हटलं, नको, जेवला तो. ठरलेल्या दिवसापर्यंत मी राहिले. आणखी एक-दोन गावं पाहिली. तो जेवला म्हणून मला हायसं वाटलं की परत जायचं टळलं म्हणून, हे मी स्वतःला विचारलं. दोन्ही होतं. कोणतं जास्त, ते पाहायचं मी टाळलं.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होती. हातपाय धुऊन मी लगेच भाकर केली, वरणात कुस्करली आणि खाटेजवळ गेले. तो मला पाहून म्हणाला, "आली का? वाळली तं नाई." मग ताटाकडे पाहून म्हणाला, "तिले दे. ते भरवते."

आवाजात राग नव्हता. मी सवयीनं सुनेकडे वळले, तो काय म्हणाला ते सांगायला. तर ती ताट घ्यायला उठलीच होती.

"समजते मले आता मामाजीचं बोलणं," ती म्हणाली. "तुम्ही नव्हत्या तं समजा लागलं. दिवसभर बोलतात ते माह्याशी."

"सगळं समजते?"

"बहुतेक."

तिनं घास त्याच्या डाव्या गालात ठेवला आणि थांबली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. नेहमीसारखंच होतं. दिवसभर तो तिच्याशी काय काय बोलला, मेणबत्तीचंही बोलला का, हे मी विचारू शकले असते. तिनं सांगितलंही असतं, ती लपवणारी नाही. मी खाली बसले आणि तो जेवत असेपर्यंत तिथेच बसून राहिले. अजून विचारलेलं नाही.